पालशेतचा अपघात आणि वैद्यकीय निष्काळजीपणाचा कायदा

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत गावचा समुद्रकिनारा. सूर्य मावळण्याच्या सुमारास, आईबरोबर त्या गावी उतरलेल्या एका २० वर्षांच्या तरुणाला किनाऱ्यावर अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. मुक्कामाचे घर तेथून दीड मैलावर होते. खाट आणून त्याला घरी नेईपर्यंत अंधार पडला. रात्री साडेआठनंतर स्थानिक डॉक्टर आले. पाय हलू नये म्हणून त्यांनी लाकडी फळ्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलाला पुण्याला नेण्याचा सल्ला दिला. ८ मे रोजी त्यांनी फळ्या काढून त्यांच्या जागी स्प्लिंट बांधले. त्या रात्री एकच्या सुमारास टॅक्सीत मुलाला निजवून आई आणि ते डॉक्टर निघाले. सुमारे २०० मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी सकाळी साडेअकराला ते पुण्यात पोहोचले.

मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरील दौंडला त्यांचा व्यवसाय होता. तेही पुण्यात आले. एका रुग्णालयात क्ष-किरणांखाली पाय पाहिला तेव्हा मोडलेल्या हाडाची टोके एकमेकांवर चढलेली दिसली. तेथून मुलाला एका शल्यचिकित्सकाच्या खाजगी रुग्णालयात दुपारी सव्वादोनला दाखल केले. मॉर्फियाचे इंजेक्शन दिले गेले, क्ष-किरण छायाचित्रे काढली गेली, आणि शस्त्रक्रियागृहात तासाभराहून थोडे अधिक ठेवून पाय प्लास्टरमध्ये घातला गेला. साडेपाचला मुलाला खोलीत आणले. सातपर्यंत औषधाचा अंमल उतरेल असे सांगितल्यावरून वडील दौंडला परत निघाले. साडेसहाच्या सुमारास आईच्या लक्षात आले की मुलाला श्वास घ्यायला त्रास होत आहे. धावपळ झाली, तातडीचे उपचार झाले. रात्री ९ वाजता मुलगा गेला.

शल्यचिकित्सकांनी मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले, 'फॅट एम्बॉलिझम', म्हणजे मोडलेल्या हाडातील चरबीचे कण रक्तात शिरून फुप्फुसात अडकणे. आईवडिलांना ते पटले नाही. त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. तो दिवाणी न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. २ मे १९६८ रोजी, मुलाच्या मृत्यूला १५ वर्षे पुरी व्हायला आठवडा उरला असताना, अखेरचा निकाल लागला. 'डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले' या नावाने तो निकाल भारतातील वैद्यकीय निष्काळजीपणाच्या कायद्याचा पाया मानला जातो.

आमच्या सोलापुरात धाराशिव, लातूर, विजयपुरा, कलबुर्गी अशा दूरदूरच्या ठिकाणांहून रुग्ण येतात. सिव्हिलच्या आवारात किंवा एखाद्या खाजगी दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ उभे राहिले, की माणूस दगावल्यावर बोलली जाणारी दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. एक, 'डॉक्टरनेच मारले.' दुसरे, 'त्याचे तेवढेच होते.' पहिल्या वाक्यातून कधी कधी काचा फुटतात. दुसऱ्यातून सगळे काही मुकाट्याने गिळले जाते. कायदा या दोहोंपैकी काहीच म्हणत नाही. तो तिसराच प्रश्न विचारतो. तो प्रश्न कोणता, आणि तो आपल्याकडे कसा घडत गेला, हे पाहण्यासाठी पालशेतच्या अपघाताइतके चांगले उदाहरण आम्हाला दुसरे दिसत नाही.

जुना प्रश्न, जुनी उत्तरे

वैद्याला जाब विचारण्याची कल्पना नवी नाही. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यात एक कलम होते. वैद्याच्या शस्त्राने प्रतिष्ठित माणूस मेला, तर वैद्याचे हात तोडावेत. येथे वैद्याने काळजी घेतली होती की नाही, याला काही महत्त्व नाही. परिणाम वाईट, म्हणजे वैद्य दोषी.

कौटिल्याचे अर्थशास्त्र याच्या बरेच पुढे गेलेले दिसते. त्यात दोन वेगळे अपराध सांगितले आहेत. जिवाला धोका असलेल्या रोगावर, तो धोका न कळवता वैद्याने उपचार सुरू केले आणि रोगी दगावला, तर एक दंड. उपचार करण्याच्या कृतीतच चूक होऊन रोगी दगावला, तर त्याहून मोठा दंड. म्हणजे 'सांगितले नाही' आणि 'नीट केले नाही' या दोन दोषांचा भेद तेथे केलेला आहे. आजच्या कायद्यातही रुग्णाची संमती आणि उपचारातील काळजी हे दोन स्वतंत्र विषय आहेत.

आपल्या न्यायालयांनी आज वापरली जाणारी विचारपद्धती मात्र प्रामुख्याने इंग्रजी कायद्यातून घेतली. योगायोग असा, की तेथील एक जुना गाजलेला खटलाही मोडलेल्या पायाचाच आहे. १७६७ साली स्लेटर नावाच्या रुग्णाने बेकर आणि स्टेपल्टन या दोघांविरुद्ध दावा लावला. पायाचे जुळत आलेले हाड त्यांनी रुग्णाला न विचारता पुन्हा मोडले आणि पायाला एक नवीनच यंत्र लावून पाहिले, अशी तक्रार होती. रुग्णाला ५०० पौंड मिळाले. त्या काळच्या शल्यचिकित्सकांनी अशी संमती घेण्याची रीत असल्याचे सांगितले, आणि न्यायालयाने तीच मोजपट्टी मानली. डॉक्टरच्या वागण्याचे मोजमाप त्याच्याच व्यवसायातील रीतीने करायचे, हे सूत्र तेव्हापासून कायम राहिले.

चार पायऱ्या

नुकसानभरपाईच्या दाव्यात चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. भूमितीतील सिद्धतेप्रमाणे त्या क्रमाने घ्याव्यात. एक पायरी निसटली तरी दावा कोसळतो.

पहिली पायरी : डॉक्टरवर काळजी घेण्याचे कर्तव्य होते काय? पालशेत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कर्तव्य तीन भागांत मांडले. रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी. कोणता उपचार करावा हे ठरवताना काळजी. आणि तो उपचार प्रत्यक्ष करताना काळजी. जो माणूस उपचार करायला तयार असल्याचे जगाला सांगतो, तो त्यासाठी लागणारे ज्ञान आणि कौशल्य आपल्याकडे असल्याचेही न बोलता कबूल करतो.

दुसरी पायरी : त्या कर्तव्यात कसूर झाली काय? येथे न्यायालयाने घातलेली मर्यादा शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. कायद्याला सर्वोच्च दर्जाचे कौशल्य नको आहे, आणि अगदी खालच्या दर्जाचेही चालत नाही. त्या परिस्थितीत, त्या पातळीवरच्या डॉक्टरकडून वाजवीपणे जेवढी अपेक्षा करता येईल तेवढेच तो मागतो. सोलापुरात 'डॉक्टर' म्हटले की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव निघते. युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये सेवा करता करता १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. कायदा प्रत्येक डॉक्टरकडून कोटणीसांची उंची मागत नाही. कोणत्याही सावध डॉक्टरने जे सहज केले असते, ते का केले नाही एवढेच तो विचारतो.

तिसरी पायरी : झालेली हानी त्या कसुरीमुळेच झाली काय? चूक झाली, पण रुग्ण दुसऱ्याच कारणाने दगावला असेल, तर दावा टिकत नाही.

चौथी पायरी : हानी कोणती, आणि तिची भरपाई किती? रुग्ण स्वतःच मरण पावला असेल तर दावा कोणी करायचा, हा प्रश्न पूर्वी अडचणीचा होता. आपल्याकडे १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने मृताच्या पतीला, पत्नीला, आईवडिलांना आणि मुलांना हा मार्ग मोकळा करून दिला.

मांडीचे हाड आणि भूल

आता ही मोजपट्टी १९५३ च्या त्या दुपारला लावून पाहू. त्यासाठी थोडे शरीरशास्त्र हवे. मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब आणि मजबूत हाड. त्याच्याभोवती ताकदवान स्नायूंचा जाड थर असतो. हाड अखंड असते तेव्हा स्नायूंच्या ओढीला ते खांबासारखे तोलून धरते. हाड मोडले की हा तोल जातो. स्नायू आखडतात आणि मोडलेली टोके एकमेकांवर चढतात. ती पुन्हा सरळ रेषेत आणायची तर स्नायूंच्या ओढीविरुद्ध बल लावावे लागते. यासाठी हाडातून पिन घालून दोरी आणि कप्पीने वजन टांगण्याची पद्धत होती. हे बल लहान पण सतत असल्याने स्नायू हळूहळू सैल पडतात. हाताने एकदम ओढायचे झाल्यास फार मोठे बल लागते, वेदना असह्य होतात, आणि म्हणून रुग्णाला पूर्ण भूल देऊन स्नायू शिथिल करावे लागतात. मॉर्फिया वेदना कमी करते, पण ते पूर्ण भुलीची जागा घेऊ शकत नाही. शिवाय मांडीचे हाड मोडले की बाहेर एक थेंब न दिसताही आत लिटरभर किंवा त्याहून अधिक रक्त साचू शकते. असा रुग्ण 'शॉक'च्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळण्याच्या, उंबरठ्यावर असू शकतो.

आईवडिलांचे म्हणणे असे होते, की नीट प्राथमिक तपासणी न करता केवळ मॉर्फियावर, तीन माणसांच्या मदतीने जोर लावून पाय ओढला गेला. शल्यचिकित्सकांचे म्हणणे वेगळे होते. मुलगा लांबच्या प्रवासाने थकला होता, म्हणून हाड बसवण्याचे काम पुढे ढकलले. तूर्त पाय हलू नये एवढ्यासाठी हलका ताण देऊन प्लास्टर घातले. मृत्यू फॅट एम्बॉलिझममुळे झाला.

न्यायालयाने उपचार निवडण्याचे डॉक्टरचे स्वातंत्र्य मान्य केले. तातडीच्या प्रसंगी ते स्वातंत्र्य अधिक असते, हेही सांगितले. शल्यचिकित्सकांनी सांगितलेला उपचार खरोखरच केला असता, तर कदाचित प्रश्नच उरला नसता. पण पुरावा पाहून न्यायालयांचा निष्कर्ष असा झाला, की भूल देण्याची प्राथमिक खबरदारी न घेता हाड बसवण्याचा प्रयत्न झाला होता, आणि त्यातून बसलेल्या धक्क्याने मुलगा दगावला. खालच्या न्यायालयाने मंजूर केलेली ३,००० रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली.

त्या रकमेकडे पाहिले की एक गोष्ट जाणवते. वडील डॉक्टर होते. पंधरा वर्षांच्या कोर्टकचेरीपुढे ३,००० रुपये म्हणजे काहीच नव्हे. त्यांना एका प्रश्नाचे उत्तर हवे होते आणि ते न्यायालयाच्या निकालपत्रात लिहून हवे होते, असे आम्हाला वाटते. 'डॉक्टर विरुद्ध रुग्ण' या आजच्या मांडणीत हा खटला बसत नाही. येथे एका डॉक्टरने आपल्याच व्यवसायाची रीत पुढे करून दुसऱ्याला जाब विचारला होता.

दोन मते असतील तर?

याच सुमारास इंग्लंडमध्ये नेमका उलट निकाल लागला. १९५४ साली बोलॅम नावाच्या मनोरुग्णाला विजेच्या धक्क्याचा उपचार देण्यात आला. स्नायू शिथिल करणारे औषध दिले नव्हते. झटक्यांमुळे त्याच्या खुब्याच्या दोन्ही सांध्यांच्या खोबणी मोडल्या. वरवर पाहता हा दोष पुण्यातील दोषाहून वेगळा वाटत नाही. पण १९५७ साली बोलॅम दावा हरला. कारण त्या वेळी डॉक्टरांमध्येच दोन मते होती. काही जण ते औषध देत; काही जण त्या औषधाचाच धोका मोठा मानून ते टाळत. जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला मान्य असलेली पद्धत वापरली, तर केवळ दुसरा गट वेगळे मानतो म्हणून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही, असे सूत्र त्या खटल्यातून निघाले. केवळ मॉर्फियावर मांडीचे हाड ओढून बसवणे योग्य, असे मानणारा जबाबदार गट मात्र पुण्याच्या खटल्यात पुढे आला नाही. दोन निकालांतील फरक येथे आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला या सूत्रात एक खोट दिसेल. चार जण एखादी गोष्ट करतात एवढ्याने ती बरोबर ठरते काय? इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९७ साली बोलिथो खटल्यात यावर उत्तर दिले. तज्ज्ञांचे मत तर्काच्या कसोटीला उतरले पाहिजे. नाहीतर ते कितीही जणांचे असले तरी न्यायालय ते बाजूला ठेवू शकते. बोलॅमचे सूत्र आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात स्वीकारले.

खात्री किती हवी?

आम्ही प्रयोगशाळेत काम करणारी माणसे. पालशेत प्रकरण वाचताना आम्हाला एका ठिकाणी थांबावे लागले. फॅट एम्बॉलिझमची लक्षणे हाड मोडल्यापासून साधारण २४ ते ७२ तासांत दिसतात, असे आजची पाठ्यपुस्तके सांगतात. अपघात ६ मेच्या सूर्यास्ताला झाला आणि श्वासाचा त्रास ९ मेला संध्याकाळी साडेसहाला दिसला. अंतर सुमारे ७२ तासांचे. म्हणजे केवळ घड्याळ पाहिले तर शल्यचिकित्सकांनी दिलेले कारण अशक्य कोटीतील नव्हते. मग न्यायालय चुकले काय?

असे म्हणता येणार नाही. विज्ञान आणि दिवाणी न्यायालय वेगवेगळ्या मापाची खात्री मागतात. एखादा परिणाम योगायोगाने दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तरच त्याकडे लक्ष द्यायचे, अशी अनेक शास्त्रांत रूढी आहे. आणि तरीही आम्ही प्रयोग पुन्हा करतो. न्यायाधीशाला प्रयोग पुन्हा करता येत नाही. समोर आलेल्या साक्षी आणि कागद यांवरून कोणती हकीकत अधिक संभवनीय आहे एवढेच त्याला ठरवायचे असते. तराजूचे पारडे थोडे जरी एका बाजूला झुकले तरी दिवाणी दाव्याला ते पुरते. त्या पारड्यात घड्याळाबरोबरच इतर गोष्टीही असतात. शस्त्रक्रियागृहात तासाभरात काय झाले, मुलाची अवस्था आत जाताना कशी होती आणि बाहेर आल्यावर कशी झाली, कोणाची साक्ष एकमेकींशी जुळते, हे सारे तोलले गेले आणि एम्बॉलिझमची हकीकत न्यायालयांना पटली नाही.

फौजदारी खटल्यात मात्र पारडे नुसते झुकून भागत नाही. तेथे वाजवी शंकेला जागा उरता कामा नये. म्हणून एकाच घटनेत डॉक्टर भरपाई द्यायला बांधील ठरू शकतो, पण गुन्हेगार ठरत नाही. यात विसंगती नाही. मोजपट्ट्याच दोन आहेत.

वस्तूच बोलते तेव्हा

कधी कधी पुराव्याची बाजू फार सोपी असते. तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एका महिलेची प्रसूती झाली आणि १३ जुलैला संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. नंतर ताप आणि पोटदुखी सुरू झाली. १९ जुलैला जखम पुन्हा उघडली तेव्हा पोटात रक्त टिपण्याचे कापड राहून गेलेले सापडले. २४ जुलैला ती महिला मरण पावली.

येथे दोन मतांच्या डॉक्टरांचे गट शोधण्याची गरज नाही. काळजी घेतली असती तर ते कापड पोटात राहिलेच नसते. 'घटनाच स्वतः बोलते' असे सूत्र कायद्यात अशा प्रसंगासाठी आहे. तेथे काळजी घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी रुग्णालयावर येते. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अखेर २० फेब्रुवारी १९९६ रोजी, 'अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. कापड नेमके कोणाच्या हातून राहिले हे रुग्णाच्या नातेवाइकांनी सांगण्याची गरज नाही; आपल्या रुग्णालयातील नोकरांच्या निष्काळजीपणाची भरपाई शासनाने दिली पाहिजे, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र त्यासाठी साडेबत्तीस वर्षे लागली.

ग्राहक म्हणून रुग्ण

या दिरंगाईवर एक उपाय १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पुढे आणला. वैद्यकीय उपचार ही त्या कायद्याच्या अर्थाने 'सेवा' आहे काय, यावर मोठा वाद झाला. भारतीय वैद्यक संघटनेने म्हणजेच इंडियन मेडिकल असोसिएशनने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. १३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालात न्यायालयाने उत्तर दिले, की पैसे घेऊन केलेला उपचार ही सेवा आहे. सर्वांनाच विनामूल्य उपचार देणारे रुग्णालय या कायद्याबाहेर राहते. पण जेथे काहींकडून पैसे घेतले जातात आणि काहींना मोफत तपासले जाते, तेथील मोफत रुग्णालाही हे संरक्षण मिळते. केवळ नोंदणीचे नाममात्र शुल्क घेतल्याने उपचार 'सशुल्क' होत नाही. खोडवा प्रकरणासारखा दिवाणी दावा मात्र सरकारी रुग्णालयाविरुद्धही लावता येतो.

त्यानंतर वर्षभराच्या आतच, १० मे १९९६ रोजी, मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक रेघ आखली. होमिओपॅथीचे शिक्षण घेतलेल्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला अॅलोपॅथीची औषधे दिली होती आणि रुग्ण दगावला होता. ज्या शास्त्राचे शिक्षण घेतले नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालय म्हणाले, आणि ३ लाख रुपयांची भरपाई दिली.

१९८६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यातील सेवेच्या व्याख्येत आरोग्यसेवेचा शब्दाने उल्लेख नाही, तेव्हा डॉक्टर आता त्यातून सुटले, असा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयात मांडला गेला. न्यायालयाने २०२१ साली तो फेटाळला आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. तक्रार घटनेपासून २ वर्षांच्या आत करावी लागते. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि तेथे वकील देणे सक्तीचे नाही.

गुन्हा केव्हा?

निष्काळजीपणाने मृत्यू घडवणे हा भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमाखाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे १०६ वे कलम त्याच्या जागी आले. त्यात अशा मृत्यूसाठी ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे; मात्र नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना झालेल्या मृत्यूसाठी ती २ वर्षांपर्यंतच आहे.

पण प्रत्येक चूक गुन्हा नव्हे. वर उल्लेखलेल्या जेकब मॅथ्यू प्रकरणात श्वास कोंडलेल्या रुग्णासाठी आणलेले प्राणवायूचे नळकांडे रिकामे निघाले होते. नातेवाइकांचा संताप समजण्याजोगा होता. तरीही न्यायालयाने डॉक्टरवरील फौजदारी खटला रद्द केला आणि सांगितले, की गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा फार गंभीर स्वरूपाचा हवा. पोलिसांनी आधी त्या शाखेतील तटस्थ, शक्यतो सरकारी सेवेतील, डॉक्टरचे मत घ्यावे, आणि तक्रार आली म्हणून सरसकट अटक करू नये. यामागील विचार उघड आहे. तुरुंगाच्या भीतीने डॉक्टर अवघड रुग्ण घेईनासा झाला, तर नुकसान पुढच्या रुग्णाचे होते.

तिसरा मार्ग महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा. डॉक्टरचे वर्तन व्यवसायाच्या नीतीला सोडून असेल तर परिषद त्याची नोंदणी निलंबित किंवा रद्द करू शकते. भरपाई देण्याचा अधिकार मात्र तिला नाही.

कागद जपून ठेवा

या सर्व प्रकरणांतून व्यवहाराची एक गोष्ट निघते. चारही पायऱ्या चढायच्या त्या कागदांच्या आधाराने. केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, संमतीपत्र, भूल दिल्याची नोंद, पावत्या हे सारे हाती नसेल तर खरी तक्रारही लंगडी पडते. हे कागद डॉक्टरलाही तितकेच उपयोगी आहेत. योग्य उपचार केल्याचा त्याचा पुरावा तोच असतो. २००२ च्या नियमावलीप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने ३ वर्षे जपली पाहिजेत आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यावर ७२ तासांत त्यांच्या प्रती दिल्या पाहिजेत. मृत्यूबद्दल शंका असेल तर शवविच्छेदनाला नकार देऊ नये. त्या दुःखात ते नकोसे वाटते हे खरे. पण तिसऱ्या पायरीवरचा सर्वांत भक्कम पुरावा बहुधा तोच असतो.

संमतीबद्दलही एक शब्द. २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. जिवाचा तातडीचा धोका नसेल तर पुढची पायरी रुग्णाला सांगून आणि विचारूनच घ्यावी. कौटिल्याने वेगळा काढलेला पहिला दोष तो हाच.

वरच्या वर्गांत एक तास यासाठी देता येईल. फळ्यावर चार रकाने आखावेत : कर्तव्य, कसूर, कार्यकारण, हानी. पालशेत, बोलॅम आणि खोडवा ही तीन प्रकरणे मुलांना सांगावीत आणि कोणता रकाना कशाने भरला गेला किंवा रिकामा राहिला, हे त्यांच्याकडूनच भरून घ्यावे. मुले सुरुवातीला परिणाम पाहून निकाल देतील. थोड्या वेळाने ती विचारू लागतील, 'पण सर, त्या डॉक्टरने त्या वेळी काय करायला हवे होते?' कायद्याचा प्रश्न हाच आहे. तो विचारण्याची सवय वर्गात लागली, तर पुढे कधी रुग्णालयाच्या पायरीवर उभे राहण्याची वेळ आली असता त्यांचा हात दगडाकडे जाणार नाही, आणि ती मुकाट्याने परतही फिरणार नाहीत. ती केसपेपरची प्रत मागतील.